न दिसणारे प्रोफाइल : कारणे व व्यापाऱ्याची दृष्टी

व्यापार जसा मालावर चालतो, तसाच तो ओळखीवरही चालतो. अपरिचित माणसाशी व्यवहार करण्यापूर्वी त्याची पेढी कोणती, त्याची पत केवढी व त्याला ओळखणारा आपल्या परिचयाचा कोण, एवढी चौकशी केल्यावाचून जुना व्यापारी थैलीची गाठ सोडीत नसे. शाहजोग हुंडी ही ह्याच सावधगिरीतून जन्मास आली. अशा हुंडीची रक्कम बाजारात प्रतिष्ठित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या असामीलाच, म्हणजे 'शाहा'लाच, द्यावयाची असा तिचा नियम होता. कागद खरा असला तरी तो आणणारा कोण, हा प्रश्न पेढीवर विचारला जाईच.

चौकशीची गरज आजही तेवढीच आहे; साधन मात्र पालटले आहे. नोकरीसाठी अर्ज करणारा हिशेबनीस असो, परगावचा पुरवठादार असो की आपल्या कन्येला नोकरी देऊ करणारा अधिकारी असो, त्याचे नाव प्रथम लिंक्डइनसारख्या व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळावर शोधण्याची चाल पडली आहे. पुष्कळदा असे होते की, नाव सापडते पण प्रोफाइल उघडत नाही. किंवा प्रोफाइल उघडते पण नावच दिसत नाही. अशा वेळी 'ह्याने काहीतरी लपविले आहे' असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. तो कितपत योग्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पेडणे व डिचोली ह्या दोन तालुक्यांतील व्यापारी कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. डिचोलीच्या बाजारपेठेची बरीच उलाढाल खाणधंद्यावर अवलंबून होती. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे त्या अंशतः सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर त्या पुन्हा बंद पडल्या. त्या काळात हिशेब, वाहतूक व यंत्रदुरुस्ती जाणणाऱ्या अनेकांना दुसरीकडे काम शोधावे लागले. पेडण्यात ह्याच्या उलट घडले. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची नियमित ये-जा सुरू झाली, आणि मालवाहतूक, निवास व सेवा ह्या क्षेत्रांत बाहेरच्या माणसांशी नित्य संबंध येऊ लागला. एका तालुक्यातील तरुणांना आपली ओळख परक्यांस पटवून द्यावी लागली, तर दुसऱ्या तालुक्यातील व्यापाऱ्यांना परक्यांची ओळख पटवून घ्यावी लागत आहे.

प्रोफाइल न दिसण्याची कारणे

लिंक्डइन हे संकेतस्थळ ५ मे २००३ रोजी सुरू झाले व २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते २६.२ अब्ज डॉलरांस विकत घेतले. भारतात त्याचे दहा कोटींहून अधिक सभासद आहेत. तेथील प्रोफाइल दिसणे वा न दिसणे हे पुढील कारणांवर अवलंबून असते.

पहिले कारण स्वतः सभासदाच्या इच्छेचे. लॉगिन न केलेल्या त्रयस्थास आपले प्रोफाइल दिसावे की नाही, आणि दिसल्यास त्यातील कोणता भाग दिसावा, हे प्रत्येक सभासद ठरवू शकतो. छायाचित्र केवळ परिचितांस दाखविण्याचीही सोय आहे. कित्येक स्त्रिया व तरुण मुली हा मार्ग जाणूनबुजून स्वीकारतात, आणि त्यात वावगे काही नाही. शिवाय सभासदाने प्रोफाइल सर्वांस खुले ठेवले असले तरी लॉगिन नसलेल्या पाहुण्यापुढे 'प्रथम प्रवेश करा' असे सांगणारे पान अनेकदा उभे राहते. ती भिंत संकेतस्थळाने घातलेली असते. सभासदाचा तिच्याशी संबंध नसतो.

दुसरे कारण ओळखीच्या अंतराचे. आपण ज्यांच्याशी थेट जोडलेले आहोत ते पहिल्या वर्तुळातले, त्यांचे परिचित दुसऱ्या वर्तुळातले व त्या परिचितांचे परिचित तिसऱ्या वर्तुळातले, अशी तेथील रचना आहे. त्यापलीकडील व्यक्ती आपल्या जाळ्याबाहेरची गणली जाते, आणि शोध घेतला असता तिच्या नावाऐवजी केवळ 'लिंक्डइन मेंबर' हे शब्द दिसतात. शाहजोग हुंडीचे तत्त्व येथे नव्या रूपाने वावरते : मध्ये ओळखीचा दुवा नसेल तर दार अर्धेच उघडते. ज्या व्यापाऱ्याने कालच खाते उघडले व ज्याचे परिचित दहा-बारा आहेत, त्याला असे निनावी लोक पुष्कळ आढळणार. ती उणीव पाहणाऱ्याच्या जाळ्याची समजावी.

तिसरे कारण परस्परांतील बंदीचे. एका सभासदाने दुसऱ्यास 'ब्लॉक' केले की दोघांनाही एकमेकांचे प्रोफाइल दिसेनासे होते, आणि ज्याला ब्लॉक केले त्याला तशी सूचना मिळत नाही. नकोशा संदेशांचा त्रास, जुना वाद, पूर्वीच्या वरिष्ठाशी आलेला दुरावा अशी ह्याची अनेक कारणे संभवतात. जे पान आपणांस दिसत नाही ते शेजारच्या दुकानदारास दिसत असेल, तर ही शक्यता ध्यानी घ्यावी.

चौथे कारण खात्याच्या स्थितीचे. सभासद आपले खाते काही काळ निद्रिस्त ठेवू शकतो, किंवा कायमचे बंद करू शकतो. बंद केलेले खाते चौदा दिवसांच्या आत पुन्हा उघडता येते. प्रोफाइलचा पत्ता बदलला असेल तर जुन्या अर्जावर छापलेला दुवा निरुपयोगी ठरू शकतो. खोटे नाव किंवा स्वयंचलित साधनांचा वापर आढळल्यास संकेतस्थळ स्वतःच खात्यावर निर्बंध घालते. दिवंगत सभासदाचे खाते आप्तेष्टांच्या विनंतीवरून बंद करता येते किंवा स्मृतिरूपाने ठेवता येते. ह्या सर्व स्थितींत बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ते जवळजवळ एकसारखेच : पान उपलब्ध नाही.

पाचवे कारण पाहणाऱ्याच्या मर्यादेचे. विनामूल्य खात्यातून एका महिन्यात किती शोध घ्यावा ह्याला मर्यादा आहे. माणसे नेमण्यासाठी किंवा गिऱ्हाइके मिळविण्यासाठी शोध चालला आहे असे संकेतस्थळास वाटल्यास ही मर्यादा लागू होते व पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेस ती पुन्हा मोकळी होते. महिनाअखेरीस अकस्मात नावे दिसेनाशी झाली तर त्याचे मूळ बहुधा येथे असते.

सहावे कारण देशोदेशींच्या राजाज्ञेचे. रशियाने आपल्या नागरिकांची माहिती देशातच साठविण्याचा कायदा पाळला नाही म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये लिंक्डइन बंद केले. चीनमध्ये २०२१ साली काही पत्रकार व अभ्यासकांची प्रोफाइले केवळ त्या देशात दिसेनाशी झाली होती. त्याच वर्षी तेथील आवृत्ती मिटविण्याचे जाहीर झाले, आणि तिच्या जागी काढलेले नोकरीविषयक अॅपही ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. चीनमधून माल मागविणाऱ्या व्यापाऱ्यास तेथील विक्रेता लिंक्डइनवर सापडला नाही, तर हा इतिहास आठवावा.

नौकरी डॉट कॉम हे १९९७ साली सुरू झालेले भारतीय संकेतस्थळ ह्याहून निराळे आहे. तेथील उमेदवारांचा संग्रह शुल्क भरणाऱ्या नोकरदात्यांसाठी असतो, सर्वसामान्य वाचकांसाठी नव्हे. शिवाय उमेदवार विशिष्ट कंपन्यांपासून आपले प्रोफाइल दडवू शकतो. सध्याच्या मालकास आपण नोकरी शोधतो हे कळू नये, ही त्यामागील साधी इच्छा असते.

भिंती का उभारल्या गेल्या

हा आडपडदा निष्कारण आला नाही. २०१२ साली लिंक्डइनच्या सभासदांचे सांकेतिक शब्द चोरीस गेले. त्या वेळी सुमारे ६५ लाखांचा आकडा पुढे आला. चोरी दहा कोटींहून अधिक खात्यांची होती हे २०१६ मध्ये उघडकीस आले. २०२१ साली सुमारे ७० कोटी सभासदांची माहिती विक्रीस मांडण्यात आली. ही माहिती यंत्रांच्या साहाय्याने पाने ओरबाडून गोळा केलेली आहे, असे कंपनीने सांगितले. खुल्या पानांवरील माहिती अशा रीतीने गोळा करण्यावरून हायक्यू नावाच्या कंपनीशी लिंक्डइनचा अमेरिकेत २०१७ ते २०२२ पर्यंत खटला चालला. जे सर्वांस खुले असते ते लुटारूंसही खुले असते, हा त्यातील धडा आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत अधिकार मानला, व २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तेव्हा आपली माहिती कोणास किती दाखवावी हे ठरविणारा माणूस आपल्या हक्काचाच उपयोग करीत असतो.

दिसण्याची किंमत आणि न दिसण्याची

ह्यावरून मुख्य मुद्दा निघतो तो असा की, प्रोफाइल न दिसणे हा कोणाच्याही विरुद्ध पुरावा होऊ शकत नाही. समजा, मोप्याजवळील गुदामासाठी एका गरजू तरुणाने अर्ज केला. मालकाने त्याचे नाव शोधले, पान उघडले नाही, आणि अर्ज बाजूस टाकला. ज्या घरची मिळकत खाणीबरोबर थांबली होती, त्या घरचा मुलगा एका बंद पानामुळे नाकारला गेला. आणि मालक एका चांगल्या माणसास मुकला, तो त्याला कधी कळणारही नाही.

उलटपक्षी, प्रोफाइल दिसणे हाही सचोटीचा दाखला नव्हे. तेथील पदव्या व अनुभव सभासद स्वतःच लिहितो. ओळख पडताळल्याची खूण असली, तरी ती मुख्यतः व्यक्तीच्या नावाची खात्री देते. तिचे काम, वर्तन किंवा पत ह्यांविषयी ती मौन असते. ठकसेनाचे पान तर सदैव खुले, सुशोभित व परिचितांनी गजबजलेले असावयाचे, कारण दिसणे हाच त्याचा धंदा आहे. त्याच्या भुलवणीने अनामत पाठविणाऱ्याची हानी संशयी मालकाच्या हानीपेक्षा मोठी असते.

म्हणून खात्री करून घेण्याचे जुने मार्ग सोडू नयेत. उमेदवाराचे पान दिसत नसेल तर त्याच्याकडेच दुवा किंवा लेखी माहिती मागावी; मूळ प्रमाणपत्रे समक्ष पाहावी; पूर्वीच्या मालकास दूरध्वनी करावा, पण क्रमांक उमेदवाराने दिलेला न घेता स्वतः शोधून घ्यावा. पुरवठादाराच्या बाबतीत जीएसटी क्रमांक मागावा. पंधरा स्थानांच्या ह्या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, जसे गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७ व कर्नाटकाचे २९. पुढील दहा स्थाने पॅनची असतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही त्या क्रमांकावरून पेढीचे कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख व ती चालू आहे की रद्द झाली आहे हे पाहता येते. माणसाचे प्रोफाइल त्याच्या इच्छेने झाकले जाईल. पेढीची ही सरकारी नोंद तशी झाकता येत नाही. नोकरीच्या नावाखाली कोणी पैसे उकळल्यास विलंब न करता १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संगणकाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

आपल्या मुलामुलींसाठी

जे नोकरीच्या शोधात आहेत त्यांनी आपले पान परक्याच्या डोळ्यांनी एकदा अवश्य पाहावे. ह्यासाठी खात्यातून बाहेर पडून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत आपल्याच प्रोफाइलचा दुवा उघडावा. तेथे काही न दिसल्यास दृश्यतेची सेटिंग तपासावी. नाव, शिक्षण, कामाचा अनुभव व गाव एवढे खुले असण्यास हरकत नसावी. घरचा पत्ता, जन्मतारीख व दूरध्वनी क्रमांक मात्र कधीही चव्हाट्यावर मांडू नयेत. अर्जावर दुवा लिहिण्यापूर्वी तो चालतो की नाही हे पाहावे, आणि पत्ता बदलल्यास जुने अर्जही सुधारावे. ज्यांना आपले पान झाकूनच ठेवावयाचे आहे त्यांनी ते खुशाल झाकावे; फक्त अर्जासोबत आपली माहिती स्वतंत्र कागदावर जोडावी, म्हणजे मालकाच्या मनात शंकेला जागा उरणार नाही.

दुकानाची फळी बंद दिसली म्हणून दिवाळे निघाले असे कोणी समजत नाही; आणि दर्शनी भाग झगमगता आहे म्हणून कोणी उधार माल देत नाही. आपल्या वाडवडिलांनी बाजारात पाळलेला हा विवेक नव्या पडद्यासमोर बसतानाही पाळावा, म्हणजे सज्जनावर अन्याय होणार नाही व दुर्जनाकडून आपली फसगतही होणार नाही.