मूळ चित्रपट आणि त्यांचे उत्तरभाग : डिस्नेच्या व्हिडिओपटांचा एक विचार

आमच्या घरी 'द लायन किंग'च्या दोन तबकड्या होत्या. एक १९९४ च्या मूळ चित्रपटाची आणि दुसरी १९९८ साली निघालेल्या 'सिम्बाज प्राइड' या त्याच्या दुसऱ्या भागाची. लहानपणी या दोहोंत मला काही भेद वाटत नसे; किंबहुना दुसरी तबकडीच मी अधिक वेळा पाहिली असेन. पुढे महाविद्यालयात आल्यावर चित्रपटांविषयीची चर्चा कानांवर पडू लागली आणि दुसरा भाग म्हणजे निव्वळ गल्लाभरू माल, असा निकाल ऐकायला मिळाला. निकाल देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो भाग पाहिलेलाच नव्हता. आपण ज्यावर प्रेम केले ते खरोखरच टाकाऊ होते काय, हे एकदा नीट पाहावे असे वाटले. प्रस्तुत लेख हा त्या पाहण्याचा वृत्तांत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. डिस्ने संस्थेने गाजलेल्या अ‍ॅनिमेशनपटांचे पुढचे भाग चित्रपटगृहात न आणता थेट व्हिडिओवर विकण्यास १९९४ साली आरंभ केला. 'अल्लादिन' (१९९२) चा पुढचा भाग 'द रिटर्न ऑफ जाफर' हा त्यातला पहिला. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि मग मागे वळून पाहणे राहिले नाही. 'पोकाहाँटस', 'द लिटल मर्मेड', 'लेडी अँड द ट्रॅम्प', 'सिंड्रेला', 'मुलान', 'बाम्बी', अशी जवळजवळ प्रत्येक यशस्वी कथेला शेपटे फुटली. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ही संस्था विकत घेतली, तिचे जॉन लॅसेटर यांच्याकडे कलाविषयक सूत्रे आली आणि २००७ मध्ये हा उद्योग थांबविण्याचे ठरले. २००८ चा 'एरियल्स बिगिनिंग' हा या मालिकेतला अखेरचा.

गंमत अशी, की खुद्द वॉल्ट डिस्ने यांना अशा पुनरावृत्तीचे वावडे होते. १९३३ मध्ये त्यांचा 'थ्री लिटल पिग्ज' हा लघुपट अफाट गाजला. मागणीखातर त्याच पात्रांचे आणखी लघुपट निघाले, पण पहिल्याची सर त्यांना आली नाही. डुकरांवर मात करायला पुन्हा डुकरेच आणून भागत नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्‌गार प्रसिद्ध आहेत.

आता कारागिरीचा मुद्दा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. पूर्ण अ‍ॅनिमेशनमध्ये दर एक-दोन चौकटींना नवे रेखाटन लागते. म्हणजे एका पात्राच्या एका सेकंदाच्या हालचालीसाठी बारा ते चोवीस चित्रे. व्हिडिओपटांना पैसा आणि अवधी दोन्ही मोजकेच मिळत. त्यामुळे मागे उभी असलेली पात्रे पुतळ्यासारखी निश्चल राहतात, चेहऱ्यावरची छाया-प्रकाशाची खेळी उणावते. 'रिटर्न ऑफ जाफर'मध्ये जिनीला रॉबिन विल्यम्स यांचा आवाजही नाही. हे सर्व दिसते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सिडनीच्या ज्या स्टुडिओत 'सिम्बाज प्राइड'चे बरेचसे काम झाले, तेथील चित्रकारांना कमी अवधीत अधिक चित्रे काढावी लागली, एवढाच त्याचा अर्थ. कातडीवरची सावली कमी पडली म्हणून कथा खोटी ठरत नाही.

म्हणून मी दोन वेगळ्या कसोट्या घेतल्या. पहिली अशी : मूळ कृतीने उघडा ठेवलेला एखादा प्रश्न उत्तरभाग हाती घेतो काय? दुसरी अशी : मूळ कृतीने जे जाणूनबुजून न बोलता सोडले, ते बोलून दाखवून उत्तरभाग तिची हानी करतो काय?

पहिल्या कसोटीवर पुष्कळसे भाग सरळ नापास होतात. 'अल्लादिन'च्या शेवटी जिनीला स्वातंत्र्य मिळते आणि तो जग पाहायला निघून जातो. त्या निरोपातच त्या मैत्रीचे मोल आहे. उत्तरभागात तो काही वेळातच परत हजर होतो आणि तो निरोप फुकट जातो. इयागो हा पोपट पक्ष बदलतो, एवढीच काय ती तेथे नवी कल्पना. 'द लिटल मर्मेड'च्या दुसऱ्या भागात (२०००) आईला जमिनीची ओढ होती म्हणून मुलीला समुद्राची ओढ, आणि पहिल्या चेटकिणीच्या जागी तिची बहीण. अंगरखा उलटा करून घातला म्हणजे तो नवा होत नाही! 'सिंड्रेला'चा दुसरा भाग (२००२) तर तीन सुट्या गोष्टींची मोट आहे.

पण त्याच 'सिंड्रेला'चा तिसरा भाग (२००७) पाहताना मी चकित झालो. येथे जादूची कांडी सावत्र आईच्या हाती पडते, ती काळ मागे फिरवते आणि काचेचा बूट सावत्र बहिणीच्या, अ‍ॅनास्टेशियाच्या, पायात बसतो. १९५० च्या चित्रपटातील राजपुत्राला ना नाव होते, ना फारसे संवाद. त्याने नेमके कोणावर प्रेम केले, मुलीवर की बुटावर, हा प्रश्न आपल्यातील अनेकांच्या मनात येऊन गेला असेल. तिसरा भाग हाच प्रश्न कथेच्या केंद्रस्थानी आणतो. अ‍ॅनास्टेशियाही ऐन लग्नाच्या वेळी फसवणुकीने मिळणारे सुख नाकारते. मूळ कथेत जी केवळ हास्यास्पद होती, तिला येथे मन मिळते.

आता 'सिम्बाज प्राइड'कडे येतो. मूळ 'लायन किंग'वर 'हॅम्लेट'ची छाया आहे, हे सर्वश्रुत आहे : राजाचा खून करणारा भाऊ, परागंदा राजपुत्र, पित्याचे दर्शन. दुसऱ्या भागाने 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा आधार घेतला. सिम्बाची मुलगी कियारा आणि हद्दपार कळपातला कोवू यांचे प्रेम जुळते. कोवूला त्याची आई झिरा हिने सूडासाठीच वाढविले आहे. कथानक अपेक्षित वळणांनी जाते, काही विनोद ओढून आणलेले आहेत, हे मला या वेळी प्रथमच जाणवले. परंतु मूळ चित्रपटाने एक प्रश्न खरोखर मोकळा सोडला होता : खलनायक मेला, त्याच्या अनुयायांचे पुढे काय? विजयानंतर न्यायी राजा पराभूतांशी कसा वागतो? येथे सिम्बा भयग्रस्त बाप झाला आहे. आपल्या बापाचा घात झालेला पाहिलेला हा राजा मुलीला नजरेआड होऊ देत नाही आणि केवळ संशयावरून कोवूला देशोधडीला लावतो. दोन्ही कळप समोरासमोर उभे राहतात तेव्हा कियारा मध्ये येऊन बापाला समोरच्यांकडे पाहायला लावते : हे आणि आपण वेगळे कसे? बापानेच शिकविलेला धडा ती बापाला परत करते. लहानपणी मला हा प्रसंग का आवडत असे, ते आता उमगले. घरातल्या मोठ्यांना त्यांचेच शब्द ऐकविण्याचे धाडस तेथे कोणीतरी करीत होते.

२००४ चा 'द लायन किंग १ १/२' आणखी वेगळा. टॉम स्टॉपर्ड यांनी 'हॅम्लेट'मधील दोन दुय्यम पात्रांना नायक करून नाटक लिहिले, ते १९६६ मध्ये रंगभूमीवर आले. इंग्रजी विभागातील वाचकांना ते आठवेल. तीच युक्ती येथे टिमॉन आणि पुंबा यांच्यासाठी वापरली आहे. दोघे अंधाऱ्या चित्रपटगृहात बसून मूळ चित्रपट पाहतात, रिमोटने तो थांबवितात, पुढे पळवितात. मूळ चित्रपटात राजपुत्राचे दर्शन होताच सारे प्राणी वाकतात. त्या भव्य प्रसंगाचे खरे कारण येथे पुंबाच्या पोटातील वायू असे निघते! हा भाग मूळ कृतीशी स्पर्धा करीत नाही, तिच्या खोड्या काढतो. म्हणूनच तो टिकतो.

दुसऱ्या कसोटीसाठी 'बाम्बी' हे उत्तम उदाहरण. १९४२ च्या चित्रपटात बाम्बीची आई शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडते. ते दृश्य आपल्याला दिसत नाही. बर्फ पडत राहते, पाडस आईला हाका मारते, पिता येऊन त्याला घेऊन जातो आणि लगेच वसंत ऋतू उगवतो. मधल्या काळाबद्दल एक अक्षर नाही. ते मौन हेच त्या दुःखाचे रूप आहे. चौसष्ट वर्षांनी, २००६ मध्ये, 'बाम्बी'च्या दुसऱ्या भागाने नेमकी तीच जागा भरून काढली : आईविना पाडस आणि त्याला वाढविता न येणारा अबोल पिता. चित्रे देखणी आहेत. आईचा आवाज म्हणून शिकाऱ्याने काढलेल्या हाकेने पाडस जागीच थिजते, तो प्रसंग तर जिवाला चटका लावतो. तरीही भाग संपल्यावर मला काहीतरी हरवल्यासारखे वाटले. जे दुःख आपण मनात पुरे करीत होतो, ते दुसऱ्याने पुरे करून हाती दिले. चांगला उत्तरभागही मूळ कृतीकडून काही घेऊन जाऊ शकतो, हे मला येथे कळले.

तर मग उत्तरभाग ही कल्पनाच सदोष आहे काय? तसे म्हणवत नाही. भवभूतीने 'महावीरचरिता'त रामाची कथा राज्याभिषेकापर्यंत नेली आणि 'उत्तररामचरिता'त त्यापुढची. रसिकांनी श्रेष्ठ मानले ते उत्तरचरित! त्याच्या पहिल्याच अंकात राम-सीता आपल्या पूर्वायुष्याची चित्रे पाहतात. सुखी शेवटानंतर उरलेले दुःख त्या चित्रांतून वर येते. अमेरिकेतही 'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग आधी थेट व्हिडिओसाठीच योजला होता. पुढे त्याला चित्रपटगृहाचा मान मिळाला, कथा नव्याने बांधली गेली आणि १९९९ साली आलेली ती कृती पहिल्या भागाच्या तोडीची मानली जाते. दोष पुढे जाण्यात नसतो. कथेला पुढे जायचे कारण नसताना तिला बाजारासाठी ढकलण्यात असतो.

माझा निष्कर्ष थोडक्यात असा. बहुसंख्य व्हिडिओपट मूळ कृतींच्या जवळपासही पोचत नाहीत. 'सिंड्रेला'चा तिसरा भाग, 'लायन किंग'चे दोन्ही उत्तरभाग हे अपवाद. मात्र तेही मूळ चित्रपटाच्या बरोबरीने नव्हेत, त्याच्या आधारानेच उभे राहतात. मुफासाचा मृत्यू पाहिलेला नसेल तर सिम्बाचे भय कळणार नाही. लहानपणी मला ते कळत होते, याचे श्रेय पहिल्या तबकडीला होते, हे मी आता मान्य करतो. पण दुसरी तबकडीही टाकून देणार नाही. न पाहता निकाल देणाऱ्या मित्रांना ती उसनी द्यायची आहे.