बंद यानातील हवा : 'अपोलो-१३' वरील एक पाठ

(वरच्या प्राथमिक वर्गांच्या सामान्य विज्ञानासाठी)

पवईच्या तलावालगत १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील विद्यार्थ्यांनी बांधलेला 'प्रथम' हा लहानसा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. पवई परिसरातील शिक्षकांनी पाठाचा आरंभ या जवळच्या गोष्टीपासून करावा व वर्गास विचारावे : उपग्रहास श्वास घ्यावा लागत नाही, पण माणूस वर गेला, तर त्याने बरोबर काय काय न्यावे? हवा, पाणी, वीज, ऊब ही उत्तरे मुलांकडूनच यावीत. मग यांपैकी एकेक वस्तू संपू लागल्यास काय करावे, हे पुढील सत्य घटनेवरून सांगावे.

११ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेचे 'अपोलो-१३' हे यान चंद्राकडे निघाले. त्यात जेम्स लव्हेल, जॅक स्वायगर्ट व फ्रेड हेझ हे तिघे होते. सुमारे ५६ तासांनी, पृथ्वी ३,२०,००० किलोमीटर मागे राहिली असता, मुख्य यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली व दुसरी गळू लागली. याच प्राणवायूपासून यानात वीज व पाणी तयार होत असे. तेव्हा तिन्ही गोष्टी एकदमच संकटात आल्या.

मुख्य यानास चंद्रावर उतरण्याचे एक लहान यान जोडलेले होते. तिघांनी त्यात आश्रय घेतला. परंतु ते दोन माणसांना दोन दिवस पुरेल अशा बेताने बांधलेले होते. आता तेथे तिघांना सुमारे चार दिवस काढावयाचे होते. एका माणसाचा एक दिवस हे माप धरल्यास तरतूद ४ ची व गरज १२ ची, हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. म्हणून विजेचा वापर एक पंचमांशावर आणण्यात आला. पाणी प्रत्येकी दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम पेलाभर, ठरले. यानातील उष्णतामान ३ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले.

प्राणवायू पुरेसा होता. धोका होता तो उच्छ्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायॉक्साइडचा. तो शोषून घेणारे डबे लहान यानात अपुरे होते. मुख्य यानात ते शिल्लक होते, पण ते चौकोनी, आणि लहान यानातील जागा वाटोळी! तेव्हा ह्यूस्टन येथील तंत्रज्ञांनी यानात असलेल्या वस्तूच तेवढ्या घेऊन जोडणी तयार केली : प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा पुठ्ठा, अवकाश-पोशाखाच्या नळ्या व चिकटपट्टी. कृती एकेक पायरीने बिनतारी संदेशाने सांगण्यात आली. प्रवाशांनी तसेच साधन बनविले आणि हवेतील विषारी वायूचे प्रमाण उतरू लागले.

यान मध्येच मागे वळविण्यात आले नाही. चंद्राला वळसा घालून, त्याच्या आकर्षणाचा उपयोग करून ते पृथ्वीकडे आणले गेले. १७ एप्रिल रोजी तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले.

अपघाताचे कारणही वर्गात अवश्य सांगावे. टाकीतील उष्णता मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारी लहान बटणे २८ व्होल्टसाठी केलेली होती. उड्डाणापूर्वीच्या चाचणीत त्यांतून ६५ व्होल्टचा प्रवाह गेला. बटणे चिकटून बसली, टाकी अतिशय तापली व तारांवरील वेष्टण जळाले. पुढे अवकाशात त्याच तारांतून ठिणगी उडाली. दोन आकड्यांचा मेळ पाहावयाचा राहिला, त्याचे हे फळ होय. आणि सुटका झाली तीही काटेकोर हिशेबानेच.

वर्गकार्य : प्रत्येक गटास एक चौकोनी खोका, एक वाटोळी नळी, पुठ्ठा, पिशवी व चिकटपट्टी द्यावी. हवा मध्ये कोठेही न निसटता खोक्यातून नळीत जावी, अशी जोडणी मुलांनी करावी. नंतर एका गटाने आपली कृती केवळ शब्दांनी, हात न लावता, दुसऱ्या गटास सांगावी. सांगणे कोठे अपुरे पडले, याची चर्चा करावी. हाताने करण्याइतकेच नेमके सांगणे व नेमके ऐकणे महत्त्वाचे असते, हे मुलांना तेथेच उमगेल.