आधी अकोल्यात वाजू द्या

अमरावती

चि. भाच्यास,


तुमच्या बँडचे व्हिडिओ पाहिले. पैसे देऊन व्ह्यूज घेतले, असं तुझी आई म्हणाली. बावा, कायले? त्या आकड्यामागे ऐकणारा माणूस नसतो, आणि यूट्यूबला पत्ता लागला की आकडाही जातो. तोच पैसा गायच्या माईकवर घाला. ड्रम दणादण आणि शब्द गायब, असं झालंय. रील पाहणारा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकतो. तिथे बेस पोचत नाही, शब्द पोचतात.

कराओके ट्रॅकवर हिंदी गाणी म्हणणं तर बंदच करा. कॉपीराइटचा क्लेम आला की जाहिरातीचा पैसा मूळ कंपनीकडे जातो. शिवाय ते गाणं शोधणारा मूळ गायकाकडेच जाणार, अकोल्याच्या जठारपेठेतल्या चार पोट्ट्यांकडे कशाला येईल? तुमचं स्वतःचं एकच गाणं आहे, तेही लाजत लाजत शेवटी टाकलंत, आणि त्यातलं ‘मले-तुले’ काढून त्याला पुणेरी केलंत! विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं १९८१च्या ‘अरे संसार संसार’ सिनेमात आलं. त्यातला वऱ्हाडी बाज कुणी धुऊन काढला नाही, तरी ते महाराष्ट्रभर गेलं.

तू संजू राठोडचं नाव घेतोस. बरोबर आहे, जळगाव जिल्हा म्हणजे आपल्याच रेल्वेलाइनीवरचा. पण २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ देशभर गेलं, त्याआधीही तो मराठीतच गात होता आणि संगीताला घरचा भाऊ होता. त्या गाण्यावर बायामाणसांनी साड्या नेसून स्वतःच्या रील केल्या. ऐकणाऱ्याला त्यात उभं राहायला जागा होती. तुमच्या गाण्यात सगळी जागा गिटारवाल्याने अडवली आहे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, तेव्हा अख्खं अकोला मोबाइल काढून रस्त्यावर असतं. त्या व्हिडिओंना लावायला अकोल्याचं गाणं तुम्ही का करू नये? नुसतं यूट्यूबवर टाकून भागणार नाही. डिस्ट्रिब्यूटरमार्फत महिनाभर आधी द्या, म्हणजे इन्स्टाग्रामच्या गाण्यांच्या यादीत ते सापडेल. आणि त्याआधी गणपती, हळदी, कॉलेजचं गॅदरिंग, मिळेल तिथे वाजवा. लोक कुठल्या ओळीला सोबत म्हणू लागतात ते तिथेच कळतं. रीलसाठी तोच तुकडा घ्या.

कार्यक्रमाला आलेल्यांचे नंबरही घेत जा. जून २०२०मध्ये आपल्याकडे टिकटॉक बंद झालं, तेव्हा भल्याभल्यांचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले.

कमाईची घाई नको. यूट्यूबच्या जाहिरातींत वाटा मिळायला साधारण १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं. स्पॉटिफाय तर २०२४पासून वर्षात १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याला काही देत नाही.

मात्र शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, हे आजच कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क पक्का केलाय, पण तो कुणाचा हे तुम्हालाच ठरवावं लागेल. तू म्हणशील, दोस्तांत कागद कशाला? तुझ्या आजोबांच्या वावराची वाटणीही तोंडीच झाली होती. कोर्टाच्या तारखा अजून पडतात.

तुझा,
मामा