अनेक विषयांची पदवी : फी पाहू नका, पडता भाव काढा

सूत घेताना आपण नुसता भाव विचारत नाही. काउंट पाहतो, वजन पाहतो, वाटखर्च धरतो आणि मग पडता भाव काढतो. मुलांचे कॉलेज ठरवताना मात्र "फी किती?" एवढे विचारून मोकळे होतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य व विज्ञान यांमधील भिंती सैल केल्या. महाराष्ट्रातील कॉलेजांत हा बदल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आला. माग चालविणाऱ्या घरातील मुलाला हिशेबाबरोबर संगणक आणि एखादी भाषाही शिकायची असेल, तर आता ते एकाच पदवीत जमू शकते. मुख्य विषयासोबत दुय्यम विषय असतो, आणि खुला वैकल्पिक विषय दुसऱ्या शाखेतलाच घ्यावा लागतो. अशा शिक्षणाला आंतरविद्याशाखीय म्हणतात. शब्द अवघड आहे, पण एकाच वेळी खरेदी, रंग, हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या दुकानदाराला ही गोष्ट नवी नाही.

फसगत होते ती माहितीपत्रकात. तिथे वीस विषय छापलेले असतात, वर्ग मात्र चार-पाच विषयांचेच भरतात. माझ्या भाच्याने एका कॉलेजात जो विषय पाहून प्रवेश घेतला, तो विद्यार्थी कमी म्हणून सुरूच झाला नाही. म्हणून प्रवेशापूर्वी चालू वर्षाचे वेळापत्रक मागा. हवे असलेले दोन विषय एकाच तासाला तर नाहीत ना, ते पाहा. शिकविणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारा. कॉलेजला नॅकचे मूल्यांकन असले तरी ही चौकशी टाळू नका. ते संपूर्ण संस्थेचे असते, तुमच्या विषयाचे नव्हे.

आता खर्चाचा हिशेब. समजा, गावातील कॉलेजची फी वर्षाला १०,००० रुपये आहे आणि शहरातील अनुदानित कॉलेजची ७,०००. शहरात राहणे-खाणे दरमहा ५,००० धरले तर दहा महिन्यांचे ५०,००० होतात. तीन वर्षांत गावात ३०,००० लागतील, तर शहरात १,७१,०००. शिवाय दुकानावरचा एक हात कमी होतो तो वेगळाच. शहरात खरोखर हवा तो विषय मिळत असेल, तरच हा फरक सोसावा.

दुकान सोडणे शक्य नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र आपल्या अभ्यासक्रमाला त्या सत्राची मान्यता आहे का, हे आयोगाच्या यादीत पाहूनच पैसे भरा. केंद्राच्या 'स्वयम्' मंचावर अनेक विषय मोफत शिकता येतात; फी फक्त परीक्षेची. त्यांचे श्रेयांक पदवीत धरणार का, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

धंद्याच्या अडचणीने शिक्षण मध्येच थांबले तर? आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण केला, तर प्रमाणपत्र मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते. मिळविलेले श्रेयांक शैक्षणिक बँकेत जमा राहतात, पण त्यासाठी प्रवेशाच्या वेळीच मुलाचे खाते उघडलेले हवे. कॉलेजच्या खिडकीवर त्याची आठवण बहुधा आपल्यालाच करून द्यावी लागते.