नळाचा रेटा आणि काँक्रीटचा ठोकळा

कोल्हापूर शहरास शिंगणापूर व बालिंगे येथील उपसा केंद्रांचे पाणी वर्षानुवर्षे मिळत आले. नोव्हेंबर 2023 मध्ये दूधगंगेवरील काळम्मावाडी धरणाचे पाणी सुमारे 53 किलोमीटर लांबीच्या थेट नळमार्गाने पुईखडी येथे पोहोचले. या पोलादी नळाचा व्यास 1800 मिलिमीटर आहे. अशा नळमार्गावर काँक्रीटचे भक्कम ठोकळे बांधतात, ते केवळ नळाचे वजन पेलण्यासाठी, असा सर्वसाधारण समज असतो. तो अपुरा आहे.

उघड्यावरील पोलादी नळाचे तापमान 30 अंशांनी वाढले, तर 100 मीटर लांबीत तो सुमारे 36 मिलिमीटर वाढतो. ही वाढ सामावून घेण्यासाठी प्रसरण सांधा बसवितात. मात्र सांधा बसविला की त्या ठिकाणी नळाची सलगता संपते. सलग जोडलेल्या नळात पाण्याचा लांबीच्या दिशेचा रेटा पोलादाचा पत्राच सोसतो. साध्या लवचीक सांध्याला तो सोसवत नाही. दोन्ही बाजूंचे नळ एकमेकांपासून दूर लोटले जातात. ऊन असो वा नसो, दाब आहे तोवर हा रेटा आहेच.

तो किती असतो? दाबाला नळाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे. 1800 मिलिमीटर व्यासाच्या नळात दर चौरस सेंटीमीटरला 10 किलो दाब धरला, तर रेटा सुमारे 254 टन भरतो! काटकोनी वळणावर तो 360 टनांच्या घरात जातो. सरळ मार्गावरील मधल्या ठोकळ्याला दोन्हीकडून सारखाच रेटा असल्याने तो तोलला जातो. वळण, बंद झडप व शेवटचे टोक येथे तसे होत नाही. म्हणून मुख्य ठोकळे तेथेच हवेत.

गावच्या योजनेतही हाच हिशेब लागतो. 100 मिलिमीटरच्या नळात 6 किलो दाब असला, तर काटकोनी वळणावर साडेसहाशे किलोंहून अधिक रेटा येतो. एखाद्या धष्टपुष्ट म्हशीने अंग टाकावे तसाच हा प्रकार. रबरी कडीचा सांधा एवढ्याने सहज निसटतो. चाचणीचा दाब तर नेहमीच्या दाबाहून बराच जास्त ठेवतात. काँक्रीट पुरते मुरण्यापूर्वी चाचणी घेण्याची घाई त्यामुळेच महागात पडते. ठोकळ्याची पाठ चरात भरलेल्या भुसभुशीत मातीला नव्हे, तर न खणलेल्या घट्ट जमिनीला टेकली आहे की नाही, हे चर बुजविण्यापूर्वीच पाहता येते.