जुन्या मोटारीत नवा रेडिओ : एक विद्युत्-पाठ

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर दोन गोल बटणे आणि त्यांच्यामध्ये केंद्रांच्या आकड्यांची चिमुकली काच दिसली, की हा रेडिओ गाडीइतकाच जुना असणार असे आपण गृहीत धरतो. आता तसे म्हणता येत नाही. जुन्या घाटाचे नवे रेडिओ बाजारात मिळतात. त्यांचा चेहरा १९६० च्या सुमाराचा असतो, पण पोटात इंटिग्रेटेड सर्किट, ब्लूटूथ आणि यू.एस.बी. यांची सोय असते. ज्यांच्या घरी आजोबांची मॉरिस, फियाट किंवा ॲम्बॅसडर जपून ठेवलेली आहे, त्यांना असा रेडिओ घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. पण कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांत शिकलेले पदार्थविज्ञान नीट वापरले तर अवघडही नाही. चुकले तर मात्र किंमत मोठी पडते. रेडिओ जळतो, कधी तारा पेटतात आणि तीन पिढ्यांनी सांभाळलेली गाडी धोक्यात येते. म्हणून या कामामागची तत्त्वे क्रमाने पाहू.

१. ध्रुवांचा प्रश्न

अमेरिकेत पॉल गॅल्व्हिन यांच्या कारखान्याने १९३० साली 'मोटोरोला' हा मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह असत आणि त्यांना बॅटरीच्या कितीतरी पट अधिक व्होल्टेज लागे. त्यासाठी व्हायब्रेटर नावाची थरथरणारी पट्टी बॅटरीचा एकदिश प्रवाह सतत जोडत-तोडत असे. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेऊन व्होल्टेज वाढवीत. पुढे ट्रान्झिस्टर आला. १९५५ साली फिल्को आणि क्रायस्लर यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ पुढे आणला आणि व्हायब्रेटरची गरज उरली नाही. पण ट्रान्झिस्टरला प्रवाहाची दिशा अचूक लागते. उलट दिशेने व्होल्टेज मिळाले तर तो क्षणात निकामी होतो.

इथेच जुन्या गाडीची पहिली अडचण उभी राहते. मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा नेत नाहीत. एक तार नेतात आणि परतीचा मार्ग म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग करतात. आज हा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत मात्र तो धन टोकाला जोडलेला असे. एम.जी.बी. ही प्रसिद्ध गाडी १९६२ साली निघाली ती धन अर्थिंगची होती. १९६७ च्या अखेरीस तिला अल्टरनेटर बसला, तेव्हा अर्थिंगही ऋण झाले.

नव्या रेडिओची धातूची पेटी आतून ऋण टोकाला जोडलेली असते. धन अर्थिंगच्या गाडीत ती डॅशबोर्डला टेकली की बॅटरीची दोन्ही टोके थेट एकमेकांना मिळतात. पेटीला रबर गुंडाळून भागत नाही, कारण एरियलच्या तारेचे जाळीदार वेष्टनही एका बाजूला पेटीला आणि दुसऱ्या बाजूला गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. तेव्हा बॉनेट उघडून बॅटरीचे कोणते टोक सांगाड्याला जोडले आहे, हे आधी डोळ्यांनी पाहावे. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

२. अर्थिंग बदलण्याची रीत

डायनॅमोची गाडी ऋण अर्थिंगची करता येते. बॅटरी फिरवून तिचे ऋण टोक सांगाड्याला जोडावे. धन टोकाचा खुंटा ऋण टोकाच्या खुंट्यापेक्षा जाड असतो, म्हणून तारांचे पकडही बदलावे लागतात. मग डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते. डायनॅमोची वीज त्याच्या लोखंडात उरलेल्या अवशिष्ट चुंबकत्वापासून सुरू होते, आणि त्या चुंबकत्वाची दिशा जुनीच असते. इंजिन बंद ठेवून डायनॅमोच्या 'एफ' टोकावरची तार सोडवावी आणि त्या टोकाला बॅटरीच्या धन टोकाची तार दोन-तीन वेळा क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी पडते आणि चुंबकत्व उलटते.

इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी. स्पार्क प्लगचा मधला तप्त दांडा ऋण असेल तर त्यातून इलेक्ट्रॉन सुलभपणे बाहेर पडतात आणि ठिणगीला कमी व्होल्टेज पुरते. अँमीटर असल्यास त्याच्याही तारा बदलाव्यात, नाहीतर तो भरती चालू असता खर्च दाखवील. दिव्यांना दिशेचे सोयरसुतक नसते. पण कायम चुंबकाची मोटर असलेला पंखा उलटा फिरेल, त्याच्याही तारा बदलाव्या लागतील.

बॅटरी सहा व्होल्टची असेल, तर बारा व्होल्टचा रेडिओ तिच्यावर चालणार नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये हा प्रश्न येतो. तिथे व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर लागतो.

३. वॅटचे गणित

खोक्यावर '४ × ५० वॅट' असे छापलेले असते. हा आकडा कुठून येतो? गाडी चालू असता व्होल्टेज सुमारे १४.४ असते आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध, म्हणजे २०७.३६ भागिले ४, सुमारे ५२ वॅट. म्हणजे पूर्ण व्होल्टेज स्पीकरवर अखंड पडते असे मानले तरच ५० वॅट येतात. संगीताची लहर अशी चौकोनी नसते. शुद्ध ज्या-लहर धरली तर हा आकडा निम्मा, म्हणजे २६ वॅट होतो, आणि सर्किटमधील घट वजा जाता त्याहूनही कमी.

एवढी शक्ती मिळण्यासाठी नव्या रेडिओत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारांवर एकमेकींच्या उलट दिशेने व्होल्टेज दिलेले असते. जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार बहुधा सांगाड्याला जोडलेली असे. तीच जोडणी नव्या रेडिओला ठेवली तर त्याचे ॲम्प्लिफायर जळू शकते. म्हणून प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा न्याव्यात. डॅशबोर्डमध्ये एकाच स्पीकरची जागा असेल तर डावी-उजवी टोके एकत्र बांधू नयेत. एकाच शंकूवर दोन कॉइल असलेला स्पीकर मिळतो, तो बसवावा.

४. तार, फ्यूज आणि बॅटरी

फ्यूज रेडिओला वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. खरे तर तो तारेला वाचवतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ३५ अँपिअरला वितळणारे फ्यूज असत. रेडिओची बारीक तार त्याआधीच तापून पेट घेईल. म्हणून रेडिओच्या तारेवर, वीज जिथून घेतली त्या जागेजवळच, रेडिओबरोबर सांगितलेल्या आकड्याचा स्वतंत्र फ्यूज बसवावा. बहुधा तो १० अँपिअरचा असतो.

ल्यूकस कंपनीचा सी-४० डायनॅमो भरवेगात २२ अँपिअर देई. ४५ वॅटचे दोन हेडलाइट त्यातले साडेसात घेतात. गाडी उभी राहून इंजिन मंद चालते तेव्हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सारा भार बॅटरीवर येतो. शिवाय घड्याळ आणि केंद्रांची आठवण ठेवण्यासाठी रेडिओ बंद असतानाही थोडा प्रवाह घेतो. तो १० मिलिअँपिअर धरला तर ३० दिवसांत ७.२ अँपिअर-तास होतात. तीन महिने न हललेल्या गाडीची ४० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यानेच अर्ध्याहून अधिक रिकामी होते. सणासुदीलाच निघणाऱ्या गाडीत बॅटरीला तोडबटण असावे.

५. खरखर आणि केंद्र

हर्ट्झने १८८७ साली विद्युत्-चुंबकीय लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीच्या साहाय्याने. पेट्रोल इंजिनातही दर मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात, म्हणजे रेडिओशेजारीच एक प्रक्षेपक चालू असतो. प्लगच्या तारांत रोध घातला की ही खरखर कमी होते. डायनॅमोच्या मोठ्या टोकावर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा, 'एफ' टोकावर कधीही नाही. कॉइलवर लावायचा तो इग्निशन स्विचकडच्या टोकावर लावावा.

परदेशी रेडिओ घेताना आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेत मध्यम लहरींची केंद्रे १० किलोहर्ट्झच्या अंतराने आहेत, आपल्याकडे ९ च्या. आकाशवाणीच्या धारवाड केंद्राची वारंवारता ७६५, म्हणजे ९ गुणिले ८५. अमेरिकन पायरीवर रेडिओ ७६० वर थांबेल, नाहीतर ७७० वर. ९ ची पायरी निवडण्याची सोय असलेलाच रेडिओ घ्यावा.

६. पत्रा कापण्यापूर्वी

आधुनिक रेडिओसाठी सुमारे १८२ × ५३ मिलिमीटरचे चौकोनी भोक लागते. जुन्या डॅशबोर्डवर दोन दांड्यांची दोन भोके आणि मधली खिडकी एवढेच असते. जुन्या घाटाच्या रेडिओचे खरे मोल इथे आहे. त्याच्या दांड्यांमधील अंतर मागेपुढे करता येते, त्यामुळे कानस लावावी लागत नाही. मागच्या बाजूस वायपरची मोटर किंवा हीटर आडवा येतो का, हे आधी मोजावे आणि रेडिओच्या पाठीला पट्टीचा आधार द्यावा. नाहीतर खडबडीत रस्त्यावर सारा भार दोन नटांवर पडतो.

तारा बदलल्या तर त्या पुन्हा पूर्ववत करता येतात. कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. भारतात २०२१ साली जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम झाले, त्यांतही ५० वर्षांवरील गाडी मूळ स्वरूपात असण्यावर भर आहे. म्हणून गाडीत जे जे कराल ते उद्या काढून घेता येईल असे करा, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. पाना हातात घेण्यापूर्वी मात्र बॅटरीची सांगाड्याकडची तार सोडवा. या कामाचा पहिला धडा तोच आहे.