अमेरिकेतल्या कॉलेजचा निबंध : पैसे कशाचे मोजायचे, कशाचे नाही

अमेरिकेत पदवीला प्रवेश हवा असेल, तर मार्कांबरोबर तुमच्या मुलाला स्वतःबद्दलचा निबंधही अनेक ठिकाणी द्यावा लागतो. अनेक कॉलेजांना एकाच अर्जाने अर्ज करता येणाऱ्या ‘कॉमन ॲप’ या संकेतस्थळावर त्याची मर्यादा 250 ते 650 शब्द. अर्ज 1 ऑगस्टला खुले होतात. लवकरच्या फेरीची मुदत अनेक कॉलेजांत 1 नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. निबंधासाठी मार्गदर्शक हवा असेल, तर मे-जूनमध्येच गाठा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर ‘अर्जंट’चे जादा पैसे मागितले जातील.

कॉमन ॲपचं खातं फुकट. अर्जाची फी कॉलेजागणिक वेगळी : अनेक ठिकाणी 50 ते 90 डॉलर, काही ठिकाणी शून्य. परवडत नसेल तर फीमाफी मागता येते. काही कॉलेजांत आर्थिक मदतीसाठी ‘सीएसएस प्रोफाइल’ हा वेगळा अर्ज लागतो. त्याचे पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16.

मार्गदर्शक तासावर, निबंधावर किंवा पॅकेजवर पैसे घेतात. एकाच निबंधापुरती मदत हवी असेल तर तासाचा हिशेब बरा. पॅकेज घेण्याआधी विचारा : कॉलेजांचे जादा निबंध धरलेत का? मसुदा किती वेळा वाचणार? 18 टक्के जीएसटी धरूनच रक्कम सांगितली का? मध्येच सोडलं तर किती परत? उत्तरं ईमेलवर घ्या, रक्कम हप्त्यांत द्या, पक्कं बिल मागा. सल्ला ‘फुकट’ असेल तर कॉलेजकडून कमिशन मिळतं का, तेही विचारा.

पैसे मोजायचे ते प्रश्नांचे. ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्यापुढे चांगला मार्गदर्शक लिहितो, ‘रविवारी बाबांच्या दुकानात बसतेस तेव्हा उधारीची वही कोण सांभाळतं?’ तो वाक्य बदलून देत नाही. पहिल्याच भेटीत एक परिच्छेद वाचायला द्या आणि समासात काय येतं ते बघा.

‘आम्हीच लिहून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा. दुसऱ्याने किंवा एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲपच्या नियमांत फसवणूक ठरतं. गूगल डॉक मुलाच्याच खात्यावर ठेवा आणि मार्गदर्शकाला फक्त कॉमेंटची परवानगी द्या. कोणी काय लिहिलं, याची नोंद आपोआप राहते.

खिशात हात घालण्याआधी अमेरिकी सरकारच्या ‘एज्युकेशन यूएसए’ केंद्राकडे प्रवेशाची माहिती घ्या. ती मोफत मिळते. ठरल्याप्रमाणे काम झालं नाही, तर बिल आणि ईमेल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा.